कुंचीवालीचं पान

बिदर, बुधवार दुपार

प्रिय मल्लू,

नागूबाईला आधी आत घे, पाणी दे, दाराला कडी लाव आणि मग हे वाचायला बस. चिन्नी अंगणवाडीतून आली नसेल तर आज तिला आणायला तू जाऊ नकोस, नागूबाईच्या लेकीला पाठव. फोन असताना अक्कानं पत्र कामून धाडलं, असं तू नागूबाईला विचारशील. तिला ठाऊक नाही, तिला विचारू नकोस. आणि कुठलीही गोष्ट सांगायला लागलं की ‘शेवट काय झाला ते आधी सांग’ म्हणायची तुझी खोड आजच्या दिवस बाजूला ठेव. मी हे ज्या क्रमानं पाहिलं त्याच क्रमानं तू वाचलंस तरच तुला पटेल. न्हाईतर म्हणशील, अक्काला काय, भिंतीवरच्या सावलीचाही संशय येतो. संध्याकाळपर्यंत तुला वेळ आहे. तेवढी तजवीज मी केली आहे.

आमचा धाकटा बसवेश बेंगळुरूहून परत आलाय हे तुला फोनवर सांगितलंच होतं. शिक्षण संपलं, तिथं नोकरीत मन रमलं नाही, आणि आल्या दिवसापासून त्यानं मोबाईलवरच्या दुकानाचं खूळ घेतलं. ‘अक्का, बायका आता उन्हाताणात उस्मानगंजच्या बाजारात येणार न्हाईत. घरी बसून बोटानं साडी घ्यायल्यात,’ असं रोज जेवताना सांगायचा. मी म्हणायची, बोटानं घेतात खरं, पण काचेवर फिरवलेल्या बोटाला पोत कसा कळायचा? तरी मी अगदीच नाही म्हटलं नाही. शेजारची दोन दुकानं बंद पडलेली मी रोज बघते. अप्पांनी सुरू केलेलं दुकान माझ्या हातून बंद पडावं असं मला वाटत नाही.

मग एक दिवस इथं जवळच कोळारला गोदाम भाड्यानं बघायला गेलेला बसवेश एका माणसाला बरोबर घेऊन आला. चहाच्या टपरीवर ओळख झाली म्हणे. नाव बसवप्रभु, काम ॲप बनवायचं. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, आवाज असा मऊ की शेजारच्या माणसालाही पुढं वाकून ऐकावं लागावं. माझ्याशी कन्नडात बोलला, गिऱ्हाइकाशी मराठीत, आणि हमालाशी आपल्या बिदरच्या दखनीत. पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘अक्का, ॲप आधी बनवायचं नसतं. आधी रिक्वायरमेंट काढायची. म्हणजे दुकानाला काय पाहिजे, गिऱ्हाइकाला काय पाहिजे आणि तुम्हाला काय पाहिजे.’ खरं सांगू मल्लू, मला ते वाक्य आवडलं. इतकी वर्षं गादीवर बसले, पण तुला काय पाहिजे असं मला कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर तो रोज दुपारी, गिऱ्हाईक कमी असतं त्या वेळी येऊन बसायला लागला. मांडीवर लॅपटॉप, शेजारी बसवेश आणि समोर मी. मी पण उत्साहानं सांगत गेले. एक बाई येऊन वांग्याच्या देठाचा रंग मागते, दुसरी भिजल्या विटेचा मागते, ते तुझ्या ॲपला कळलं पाहिजे. मोरपंखी फोटोत निळा दिसतो आणि उन्हात नेला की हिरवा निघतो, म्हणून उन्हातला फोटो वेगळा पाहिजे. लग्नात मिरवून, हळदीचा डाग पाडून साडी परत धाडली तर घ्यायची का नाही, ते आधीच लिहून ठेवलं पाहिजे. मराठी, कन्नड दोन्ही पाहिजे, आणि जिला वाचता येत नाही तिला बोलून मागता आलं पाहिजे. तो मान डोलावत सगळं टिपून घ्यायचा. मग मी माझ्या मनातलं सांगितलं. म्हटलं, जिला साडी घरी नको असेल तिचं पार्सल दुकानातच राहू दे, आणि तिच्या मोबाईलवर निरोपसुद्धा जाऊ नये.

‘निरोप कामून नको अक्का?’ त्यानं विचारलं.

‘तिचा मोबाईल दुसरं कुणी बघत असलं तर?’

त्याची बोटं थांबली. माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, ‘असं कोण बघतंय अक्का?’ बोलण्यात काहीच नव्हतं. पण एवढा वेळ सगळं टिपणाऱ्या माणसानं ते मात्र टिपलं नाही, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

तिथून माझं मन बिघडलं. मोबदल्याचं बोलणं काढलं की तो ‘ॲप चालू झाल्यावर बघू’ म्हणून हसायचा. आजकाल फुकट कोण राबतं? त्यानं दिलेल्या कार्डावर कंपनीचं नाव होतं, पण पत्ता नव्हता. एकदा कोळारहून येणाऱ्या टेम्पोवाल्याला मी त्या नावाची चौकशी करायला सांगितली, तर तिथल्या कुणीच ते नाव ऐकलेलं नव्हतं. बसवेशला म्हटलं तर तो म्हणाला, ‘अक्का, आता कंपन्या घरातून चालतेत, बोर्ड लावून न्हाई.’ आणि मला आधी संशय आला तो बसवेशचाच. मी चहा घेऊन गेले की दोघं गप्प व्हायचे. ॲपची चित्रं काढली होती त्यात मालक म्हणून बसवेशचा फोटो, माझं नाव कुठंच नाही. वाटलं, धाकटा भाऊ मला गादीवरून उठवायला बघतोय आणि हा गोडबोल्या त्याला वाट दाखवतोय. एका सकाळी मी तसं बोलूनही दाखवलं. तो चिडला. ‘तू आंघोळीच्या बादलीवर पण संशय घेशील अक्का,’ म्हणाला आणि न जेवता बाहेर गेला. मीही दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. चोर दुसरीकडं होता, आणि आम्ही बहीणभाऊ एकमेकांकडं बघत बसलो होतो.

मग ती कुंचीची दुपार आली. कमठाण्याची एक आजी नातवाच्या बारशाला कुंची बघायला आली होती. मी तू शिवलेल्या खणाच्या कुंच्या तिच्यासमोर पसरल्या. आजीनं लाल काठाची नेली, बाकीच्या तिथंच पडून होत्या. बसवप्रभुनं त्यातली एक उचलली. मल्लू, बाप्या माणूस कुंची हातात घेतो तेव्हा झालर बघतो, मणी बघतो. यानं ती आतून उलटी केली. मानेच्या टोकाला तू कापड दुमडून आत जी बारीक गाठ मारतेस, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठा तिथंच ठेवून विचारलं, ‘हे कोण शिवतं?’

‘येतात बाहेरून,’ मी म्हटलं.

‘बाहेरून म्हणजे?’

‘बाहेरून म्हणजे बाहेरून.’

तो हसला, पण कुंची खाली ठेवेना. मला वाटलं, याला आपल्या कामकरणी पळवायच्या आहेत. सोलापूरच्या कुण्या बड्या दुकानदाराचा हा माणूस असेल. दुसऱ्याच दिवशी त्यानं नवी रिक्वायरमेंट काढली. ॲपमध्ये कारागिराचं पान पाहिजे. साडी विणणारा, कुंची शिवणारी, प्रत्येकाचा फोटो, नाव आणि गाव. ‘शहरातल्या लोकांना वस्तू कुणी केली ते बघायला आवडतं अक्का. कुंचीवालीचं पान पहिलं करू. तिचा फोटो पाहिजे, नसला तर मी जाऊन काढून आणतो.’ बसवेशला ही कल्पना भारी आवडली. त्याला तुझ्याबद्दल काय ठाऊक? तू आमच्या घरी राहिलीस तो सगळा हिवाळा तो बेंगळुरूला होता. अक्काची कुणी मैत्रीण कुंच्या शिवून धाडते, एवढंच तो जाणतो. त्याच्या तोंडूनच मला कळलं की त्यानं दिवाळीत कुंच्यांचे फोटो मोबाईलवर सगळ्या जगाला दिसतील असे टाकले होते. त्यातला एक आतल्या शिवणीचा, अगदी जवळून काढलेला. हाताची सफाई दिसावी म्हणून.

त्या फोटोनंतर थोड्याच दिवसांत हा माणूस कोळारच्या टपरीवर बसवेशला भेटला होता. हे दोन धागे माझ्या मनात जुळले आणि मी एक खोटं बोलले. बसवेश जेवायला गेला होता तेवढ्यात, बसवप्रभुनं न विचारता, मी सहज म्हटल्यासारखं त्याला सांगितलं की कुंचीवाली चिंचोळीला असते, चंद्रम्मा म्हणून एक बाई आहे, तिच्या ओसरीत शिवणकाम चालतं. चंद्रम्मा म्हणजे माझी मावशी. तिला आधीच फोन करून ठेवला होता की कुणी आलं तर त्याला बसव, बोलू दे आणि काय म्हणतो ते मला सांग. कामकरीण पळवायला आला असेल तर कापडाचं, मजुरीचं बोलेल, असा माझा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला नाही. संध्याकाळी मावशीचा फोन आला.

‘सुधा, तुझा माणूस येऊन गेला बघ. कापडाचं अक्षर काढलं न्हाई. मोबाईलमधला फोटो दाखवला, बाशिंग बांधलेली नवरी. म्हनला, ही माझी बायकू हाय, डोस्क्यावर परिणाम झालाय, लेकराला घिऊन फिरायलीय. गोळ्या चुकल्या तर लेकराच्या जिवाला धोका हाय म्हनला. लेकराला चिन्नी म्हनतेत म्हनं. डोळ्यातून पाणी काढलं गं त्यानं. मला खरंच ठाऊक असतं तर म्या सांगून टाकलं असतं.’

मल्लू, आता तुला कळलं असेल. घाबरू नकोस, पुढं वाच.

तू त्याचं नाव कधी घेतलं नाहीस. ‘ते’ म्हणायचीस, आणि रागात असलीस की ‘तो’. मीही विचारलं नाही, कारण विचारलं की तुझा हात हनुवटीखालच्या त्या डागाकडं जायचा. तो कंप्युटरचं काही काम करायचा, एवढं एकदा बोलून गेली होतीस. मला वाटायचं, तुला ज्यानं तसं केलं तो माणूस तांबरलेल्या डोळ्यांचा, मोठ्या आवाजाचा असणार. आणि मी त्याला आपल्या गादीवर बसवून रोज चहा देत होते. मावशीचा फोन ठेवल्यावर तो बसायचा ती जागा मी ओल्या फडक्यानं पुसली. का पुसली ते मलाच माहीत नाही.

परवा तो परत आला. चिंचोळीचा उल्लेख नाही. मी खोटं बोलले हे त्याला कळलंय आणि त्याला कळलंय हे मला कळलंय, तरी दोघंही हसून बोलत होतो. ‘अक्का, डोळे लाल दिसायलेत. झोप न्हाई का?’ त्यानं मायेनं विचारलं. मल्लू, लग्नानंतर कितीतरी वर्षं तुझं म्हणणं माहेरी कुणालाच का खरं वाटलं नाही, ते मला त्या क्षणी समजलं. मग लॅपटॉप उघडून म्हणाला, कारागिराचं पान मागाहून करू, आधी पार्सलवर नजर ठेवायची सोय करू. दुकानातून निघालेलं आणि दुकानात येणारं प्रत्येक गाठोडं कुठल्या रस्त्यानं कुठल्या दारापर्यंत जातं, ते मोबाईलवर दिसलं पाहिजे. येणारं गाठोडं म्हणजे काय, ते सांगायला नको. आपली गाठोडी नागूबाईच्या डोक्यावरून जातात येतात, कुठल्या कागदावर नाहीत, याचं मला पहिल्यांदा इतकं बरं वाटलं.

काल संध्याकाळी मी दुकानाचं शटर ओढून बसवेशला सगळं सांगितलं. आधी त्याला पटेना. ‘अक्का, माणूस चांगला हाय गं. बायको गेली म्हणून वेडा झाला असंल बिचारा.’ बघ, तोही तेच म्हणाला. मग मी त्याला तू आमच्या दारात आलीस त्या दिवसाबद्दल सांगितलं. हनुवटीखाली बांधलेलं फडकं, कडेवर चिन्नी, तिच्या अंगात तापाची भट्टी, आणि तू मागितलंस काय, तर खणाच्या चिंध्या. लेकराच्या डोक्याला वारं लागतंय, कुंची शिवते म्हणून. तो ऐकत ऐकत खाली बसला. मग म्हणाला, ‘मी उद्या त्याला धरतो आणि बडवतो.’ मी म्हटलं, तसं काही करायचं नाही. तू बडवलंस की तो सावध होऊन निघून जाईल आणि आपल्याला दिसेनासा होईल. तो आपल्या डोळ्यांसमोर बसून पाहिजे. तू कुठं राहतेस हे बसवेशनं विचारलं नाही. त्याला खरंच समजलंय असं मला त्यावरून वाटतं. तरी हे पत्र मी त्याच्या माघारी लिहितेय आणि सकाळी नागूबाईच्या हातात पडेपर्यंत ते माझ्या पोलक्यात राहणार आहे.

उद्या गुरुवारी मी त्याला सकाळीच बोलावलं आहे. म्हटलं, रिक्वायरमेंट एकदाच्या पक्क्या करून टाकू, संध्याकाळपर्यंत बसू, जेवण इथंच. तो खुशीनं हो म्हणाला. तू हे वाचत असशील तेव्हा तो माझ्यासमोर बसलेला असेल, आणि मी त्याला एकेक गोष्ट सांगत असेन. पदराचा फोटो वेगळा, काठाचा वेगळा, नऊवारीचा विभाग वरती, न्हाई खालती, न्हाई पुन्हा वरतीच. गिऱ्हाईक म्हणून मला जितक्या बायकांनी छळलं त्या सगळ्यांचं छळणं मी उद्या त्याच्यावर काढणार आहे. बसवेश शेजारी बसून मान डोलावील. समोरचा उठायला लागला की मला एखादी नवी रिक्वायरमेंट आठवेल. मात्र संध्याकाळनंतर मी त्याला धरून ठेवू शकत नाही.

आणि आता हे पत्र लिहायचं खरं कारण. रविवारी तू मला फोनवर विचारलंस, ‘अक्का, काल फोन करून गप्प कामून बसलीस? मी किती वेळ अक्का अक्का करायली होते, चिन्नीनं पण हाक मारली.’ मी म्हटलं, चुकून लागला असेल. मल्लू, मी शनिवारी फोन केलाच नव्हता. शनिवारी दुपारी दुकानाचा फोन त्याच्याकडं होता. गिऱ्हाइकांचे नंबर ॲपमध्ये भरायचे म्हणून बसवेशनंच दिला होता, हे तो काल रात्री रडत बोलला. तुझा नंबर मी दुसऱ्याच नावानं ठेवला होता, पण हा एकेक नंबर लावून ऐकत गेला असणार. त्यानं तुझा आवाज ऐकला आहे, चिन्नीचा ऐकला आहे. नंबरावरून गाव काढून देणारं कुणीतरी त्याच्या ओळखीचं नक्की असेल, आणि नसेल असं मी धरून चालणार नाही. म्हणून तुझ्या गावाचं नाव या पत्रात कुठंही लिहिलेलं नाही, आणि म्हणून हे फोनवर सांगितलं नाही. आता उठ. मोबाईलमधलं कार्ड काढून चुलीत टाक. शिलाई मशीन राहू दे, नागूबाई मागाहून बघेल. चिन्नीला घे आणि नागूबाईच्या लेकीकडं जा. ज्या वकीलबाईंनी तुझा पहिला अर्ज लिहून दिला होता त्या पंचशीलाताई तिथं दुपारी पोचतील. तुझ्या अर्जातल्याहून वेगळं असं खोटं नाव, खोटी कंपनी, मावशीला दाखवलेला फोटो, हे सगळं त्यांना मी सांगितलं आहे, आणि कोर्टात साक्षीला मी आणि मावशी दोघी उभ्या राहू. पुढं कुठं जायचं ते तुम्ही दोघी ठरवा. पण एक माझं ऐक. तिथं पोचल्यावर मला फोन करू नकोस, पत्र धाडू नकोस, नागूबाईजवळ निरोपही ठेवू नकोस. तो माझ्याकडं येणारच. गोड बोलेल, रडेल, पायाही पडेल. जी बाई तुला ओळखत नाही ती त्याच्या एका दुपारच्या रडण्यानं पाघळली. मी तर तुझ्या आठवणीनं आधीच अर्धी झालेली असेन. एवढ्या सगळ्यांवर मी संशय घेतला, मग एकट्या स्वतःवरच कसा विश्वास ठेवू? त्यानं विचारलं की ‘मला ठाऊक न्हाई’ हे मला खरं खरं म्हणता आलं पाहिजे. चिन्नीचा एक मुका घे माझ्या वतीनं, आणि नीघ.

तू कुठं आहेस हे न विचारणारी, तुझीच

सुधाक्का